रिकामी आहे

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. मूळ फोटो रोलच्या कॅमेऱ्यातला, आणि हा त्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकतेय. साल २००३, खंडेनवमी. आजोळचं घर, शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. पाटावर कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि आजोबांची सायकलच्या पान्ह्यांची पिशवी मांडलेली आहे. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांवर झेंडू. पाटाच्या बाजूला सात वर्षांचा मी. बंदूक माझ्यापेक्षा उंच, म्हणून दस्ता ज्वारीच्या पोत्यावर टेकवलाय आणि नळी समोर उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीकडे रोखलीय. ती चार वर्षांची. तिनं दोन्ही हात वर केलेत. मागे आजी तोंडाला पदर लावून हसतेय.

दर दसऱ्याला हा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो. दर दसऱ्याला पंधरा-वीस हसणारे इमोजी.

आता बंदुकीबद्दल. आमच्याकडे तिला सरसकट 'ठासणीची' म्हणतात. म्हणजे दारू, चिंधी, छर्रे सगळं तोंडाकडून घालायचं आणि गजानं ठासायचं. पण सह्याद्रीच्या गावांमध्ये पिकाच्या राखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका दिसतात, त्या बहुतेक टोपीच्या असतात. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, बार उडतो. आमची त्याच्याही मागच्या पिढीतली, चकमकीची. घोड्याच्या दाढेत गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की ती गार समोरच्या पोलादी पानावर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात, आणि वाटीतली आग नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून आत जाते. त्या भोकाला मामा 'कान' म्हणतो.

मामाच्या मते बंदूक शिवकालीन आहे. सातारा-सांगलीत गंजलेली कुठलीही वस्तू शिवकालीन असते, त्याला माझा इलाज नाही. शिवकाळात आपल्याकडे मुख्यतः तोड्याच्या बंदुका होत्या. वातीसारखा पेटता दोर, तोच रंजकाला टेकवायचा. चकमकीची बंदूक इथे मोठ्या संख्येनं आली ती अठराव्या शतकात, युरोपीय कंपन्यांच्या पलटणींबरोबर. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती कंपू उभे केले, तेव्हा आग्र्याला अशा बंदुका बनवल्याही जात होत्या. पण खेड्यापाड्यात तोडाच टिकून राहिला, आणि त्याचं कारण मला आता हातानं कळलंय. तोड्याच्या बंदुकीत बिघडण्यासारखं फारसं काही नाही, आणि बिघडलं तर गावचा लोहार ते नीट करू शकतो. चकमकीच्या बंदुकीला पाणी दिलेली कमान लागते, कडक पोलादाचं पान लागतं, बरोबर कापलेली गार लागते, आणि रोज निगा लागते. इंग्रज शिपायाच्या छातीवरच्या पट्ट्याला साखळीनं एक बारीक दाभण आणि एक छोटा ब्रश लटकलेला असायचा. कान मोकळा करायला दाभण, वाटी झाडायला ब्रश. दोन आण्यांची वस्तू, पण तिच्याशिवाय बंदूक म्हणजे जड काठी.

आजोबा २०२२ ला गेले. बंदूक त्यांच्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. चांदोलीचं जंगल जवळ, रानडुकरं उसात आणि भुईमुगात घुसतात, त्यामुळे आमच्या भागात असे परवाने नवलाचे नाहीत. आजोबांनी बार काढल्याचं मात्र कोणाला आठवत नव्हतं. डुकरांसाठी ते पत्र्याचा डबा वाजवायचे आणि दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब लावायचे. ते गेल्यावर बंदूक जमा करावी लागली. वारस म्हणून परवाना मामाच्या नावावर होईपर्यंत दोन पावसाळे गेले. बंदूक जमा करताना आम्हाला विचारलं होतं, भरलेली आहे का? आम्ही सांगितलं, रिकामी आहे.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ऑगस्टमध्ये मामा ती बघायला सांगलीहून आमच्याकडे आला. मी तेव्हा घरूनच काम करत होतो, पुण्याला महिन्यातून दोनदा. रांगेत उभं असताना मामा म्हणाला, "आपली बंदूक आली बघ घरी. पार गंजून गेलीय. तुला शनिवार-रविवार असतोय की सुट्टी. खंडेनवमीच्या आत जरा चकाचक करून दे."

मामा एसटीत मेकॅनिक होता, रिटायर झालाय. गुडघ्यांमुळे खाली बसून काम होत नाही. मी इंजिनियर आहे, असं त्याचं म्हणणं. मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये चुका शोधतो, पक्कड वर्षातून एकदा हातात धरतो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

पहिल्या शनिवारी मी जी चूक केली ती आधी सांगून टाकतो. लॉकच्या पट्टीवर लाल गंज चढला होता. मी ड्रिलला तारेचा गोल ब्रश लावला आणि दहा मिनिटांत पट्टी आरशासारखी केली. मामा खूश. रात्री यूट्यूबवर बघत होतो तेव्हा कळलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर त्या पट्टीवरच बदामाच्या आकाराचा शिक्का असायचा, कधी कधी साल. आमच्या पट्टीवर काही होतं का? घासण्याआधी मला गंजाखाली एक उंचवटा लागल्यासारखं वाटलं होतं. आता तिथे फक्त माझा चेहरा दिसतो. दोनशे वर्षं टिकलेली माहिती मी दहा मिनिटांत डिलीट केली, आणि बॅकअप नव्हता.

त्यानंतर ड्रिल बंद. ठरवलं की बंदुकीला लागेल ती फक्त हातानं बनवलेली, बंदुकीपेक्षा मऊ अशी हत्यारं. अमेरिकेत चकमकीच्या बंदुकांचे हौशी लोक पोत्यानं आहेत आणि त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्ट विकत मिळते. इथे मागवायची म्हटलं तर पार्सल कस्टममध्ये अडकून मला कोणाकोणाला काय काय समजवावं लागलं असतं, कल्पना करवत नाही. म्हणून घर धुंडाळलं. वाटीसाठी जुना टूथब्रश, केस अर्धे कापून, म्हणजे ताठ राहतात. नळी आतून पुसायला गजाच्या टोकाला खाचा पाडलेली लाकडी बोंडी, तिच्यावर आजोबांच्या धोतराच्या चिंध्या. गंज मऊ करायला शिवणयंत्राचं तेल आणि नारळाचा काथ्या. काथ्या गंज काढतो पण लोखंडाला ओरखडा पाडत नाही, हे मामाला आधीपासून माहीत होतं. 'मग तारेचा ब्रश लावताना का बोलला नाहीस' हे मी गिळलं. आत अडकलेली चिंधी ओढून काढायला मळसूत्री आकडा हवा होता. तो सायकलच्या दोन आऱ्या तापवून, एकमेकींत पिळून, टोकं बाहेर वाकवून केला. तीन फुकट गेले, चौथा जमला. आणि कान साफ करायला छत्रीची काडी, टोक कानशीवर घासून.

कानातून काय निघालं म्हणाल तर कुंकू. दरवर्षीच्या पूजेचं हळद-कुंकू तेलात भिजून, थरावर थर बसून दगड झालं होतं. पिवळा थर, लाल थर, पिवळा थर. झाडाच्या खोडातली वर्षं मोजतात तसे मोजता आले असते. मी छत्रीची काडी टोचत होतो, भुगा कागदावर पडत होता, आणि मामा ते कुंकू टाकू नकोस, तुळशीत घाल म्हणत होता.

गारेचं प्रकरण म्हणजे निव्वळ माझी हौस. घोड्याची दाढ रिकामी होती. बंदुकीची खरी गार इंग्लंडात खडूच्या खडकात मिळते. सफोकमधल्या ब्रँडन गावात पिढ्यानपिढ्या लोक तीच कापायचे, आणि इथल्या युद्धांत विलायतेहून आलेल्या गारा वापरल्या गेल्या. आपला सगळा काळा पत्थर. पण काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक भरलेला असतो, साताऱ्याच्या कुठल्याही डोंगराच्या वाटेवर सापडतो. यवतेश्वरच्या रस्त्याकडेनं मूठभर खडे आणले, हातोडीनं फोडले, आणि तुटक्या कानशीच्या तुकड्यावर घासून बघितले. पांढरी गारगोटी नुसती चुरा होते. धुरकट अकीकाची कड मात्र काचेसारखी धारदार निघते आणि अंधारात झकास ठिणग्या पडतात. ठिणगी दगडाची नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दगड पोलादाचा बारीक कीस काढतो आणि जळतो तो कीस. बंदुकीच्या पानावर घासायला मामानं साफ नकार दिला. ते पान एकच आहे, झिजलं की गेलं. अकीकाचा सगळ्यात चांगला तुकडा, कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात गुंडाळून, शोभेसाठी दाढेत बसवायचा असं ठरलं.

आता मूळ गोष्ट.

ठासणीच्या जुन्या बंदुकीला हात लावण्याआधी काय करायचं, याची प्रत्येक यादी एकाच हत्यारानं सुरू होते. एक सरळ काठी. ती नळीत बुडापर्यंत सोडायची, नळीच्या तोंडाशी तिच्यावर पेन्सिलनं खूण करायची. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरायची, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक कानापाशी आलं तर नळी रिकामी. अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. एवढंच. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. पण आमची बंदूक रिकामी होती. आजोबांनी सांगितलं होतं, आईनं सांगितलं होतं, आम्ही कागदावर लिहून दिलं होतं. ऑफिसात एखाद्या फंक्शनच्या वर 'हे तपासलेलं आहे' अशी कमेंट असली की आम्ही पुढे जातो, तसा मी पुढे गेलो.

काठी केली ती तिसऱ्या रविवारी, आणि तीही सुरक्षेसाठी नाही. चिंधी बुडापर्यंत पोचते का, हे बघायचं होतं. कोळिष्टकं काढायच्या झाडूचा कळक, नीट तासून. आत सोडला, खूण केली, बाहेर धरला.

टोक कानापासून साडेतीन इंच अलीकडे.

मी परत मोजलं. मामानं मोजलं. मामानं मोजताना बंदुकीचं तोंड माझ्या पोटाकडे होतं, मी हातानं ते भिंतीकडे वळवलं, आणि त्या साध्या हालचालीनं आम्हा दोघांनाही एकदम घाम फुटला. "गंज असंल," मामा म्हणाला. साडेतीन इंच गंज नसतो. मग मला छत्रीची काडी आठवली. पोलादाची, टोकदार. दोन आठवडे मी ती कानात खुपसून फिरवत होतो.

जुनी दारू खराब होत नाही का? मी त्या रात्री हेच शोधत बसलो. होत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते नुसतं मिश्रण असतं. कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही पेट घेतं. बुडालेल्या जहाजांतून वर काढलेल्या तोफा भरलेल्या निघाल्यात.

मामानं शहरातल्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्या काकांना फोन लावला. सत्तरीतले गृहस्थ. फोनवर त्यांनी फक्त तीन गोष्टी सांगितल्या: तोंड भिंतीकडे ठेवा, घरात कोणाला त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि मी येईपर्यंत स्वतः काही करू नका. दुसऱ्या दिवशी आले ते आधी माझ्या हत्यारांकडे बघून हसले. टूथब्रश पास. सायकलच्या आरीचा आकडा उलटसुलट करून बघितला, "बरा केलाय" म्हणाले. छत्रीची काडी उचलली आणि माझ्या अंगावर फेकली. "लोखंडाला लोखंड घासतोस व्हय? पितळंची पाहिजे. तिची ठिणगी उडत नाही."

पितळेची बारीक तार सांगलीत कुठे मिळेल, तर मिरजेत. मामाच्या ओळखीचे तंतुवाद्यं बनवणारे आहेत. तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते. मी स्कूटरवर गेलो. दुकानात भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, कोणीतरी जवारी लावत बसलेलं. एका जागी थांबून, कान लावून, कानशीचा एकेक हात. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांना तार कशासाठी ते सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. मिरजेच्या या धंद्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सुटलं तसे ते सतारीकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर असेल म्हणून मी शोधत होतो. भिंतीवर कानशी टांगलेल्या होत्या, बहुतेकांना घरी केलेल्या मुठी. त्यांनी हातभर तार तोडून दिली, दुहेरी पिळून घे म्हणाले, पैसे घेतले नाहीत.

काकांनी कानात लाकडाची खुंटी मारली, बंदूक परसात पेरूच्या झाडाला उभी बांधली आणि तोंडातून पाणी ओतलं. पाण्यात सोरा विरघळतो, दारू मरते. पण नुसतं भिजवून चालत नाही, वाळली की थोडीफार परत जागी होते. काढायलाच लागते. दोन दिवस पाणी बदलत राहिलो. तिसऱ्या दिवशी काका माझा आकडा गजाला बांधून, बाजूला उभे राहून, हळूहळू फिरवू लागले.

आधी चिंधी आली. तपकिरी, कुजलेली. मग छर्रे, घंगाळात टणटण पडले. मग काथ्याचा बोळा. मग काळा चिखल, त्याला दिवाळीच्या सकाळसारखा वास. शेवटी पितळेची तार कानातून आत आणि आतून पाणी बाहेर, स्वच्छ.

छर्रे मी नळाखाली धुतले. अकरा होते. सात शिशाचे, ओबडधोबड, वाटाण्याएवढे. चार अगदी गोल, गंजलेले, सगळे एका मापाचे. मी तळहातावर घेऊन बघत बसलो. मामानं माझ्याकडून घेतले आणि एक शब्द बोलला नाही. तो मेकॅनिक आहे. सायकलच्या चाकातले छर्रे त्याला हाताला कळतात.

तोवर माझ्या डोक्यात एक गोष्ट तयार झाली होती: कुठल्यातरी पूर्वजानं, कुठल्यातरी लढाईत भरलेली बंदूक, बार काढायच्या आत काहीतरी झालं, आणि ती तशीच भिंतीवर गेली. मामाची शिवकालीन, माझी १८१८ ची. सायकलचे छर्रे आले आणि ती गोष्ट संपली. आमच्या घरात पहिली सायकल आजोबांची. पणजोबांना सायकल येत नव्हती.

"रिकामी हाय म्हणून कुणी सांगितलं होतं?" काकांनी हात पुसत विचारलं.

"आबांनी," मामा म्हणाला.

बऱ्याच वेळानं, काका गेल्यावर, मामाला आठवलं. तो पाच-सहा वर्षांचा असेल. भुईमुगात डुकरं येत होती, आबा रात्रभर माळ्यावर बसले होते. सकाळी आले ते भिजून, पाऊस झाला होता, डुक्कर आलंच नव्हतं. आईनं चहा दिला. बंदूक खुंटीला लागली. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही, आणि आजोबांनाही बहुतेक आठवलं नाही. की आठवत होतं आणि काढायची कशी ते माहीत नव्हतं? आकडा त्यांच्याकडे नव्हता. काठी तर कोणीही करू शकलं असतं. मला ते अजून सुटलेलं नाही. मी आजोबांवर चिडायचा प्रयत्न केला. पान्ह्यांची ती पिशवी समोर आली की चिडता येत नाही.

घोड्याच्या दाढेत गार नव्हती, वाटीत रंजक नव्हतं, कान कुंकवानं बुजलेला होता. म्हणून काही झालं नाही. मामाच्या मते देवीची कृपा. मी त्यावर वाद घातला नाही. मात्र दरवर्षी त्याच कानापासून वीतभर अंतरावर आजी निरांजन ओवाळायची, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी सुचलं असावं, कारण दोघंही एकाच वेळी उठून आत गेलो.

खंडेनवमीला मी आजोळी होतो. बंदूक पाटावर, शेजारी कळकाची काठी, मार्करच्या दोन खुणांसकट. पूजेच्या आधी मामानं सगळ्यांदेखत काठी आत सोडून दाखवली, मग बाहेर धरली. टोक कानाशी. हळद-कुंकू दस्त्याला लावलं, कानाला नाही. मामीला ते पटलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकला. इमोजी सुरू झाले. मी बहिणीला फोन केला. ती नाशिकला असते. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, काठी, साडेतीन इंच, छर्रे. ती बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "फोटो काढून झाल्यावर तू चाप ओढलेलास. आठवतं का तुला? खाडकन आवाज आलेला. मी पडले होते खाली, मेल्यासारखी. आजी उठवायला आली तरी उठले नाही. तू म्हणालेलास, अजून थोडा वेळ मर."